क्रेसी लिओनार्दोनंतर कोणता डाइव्ह कॉम्प्युटर? एअर इंटिग्रेशनला पैसे घालावेत का?

ओहोटी:
नमस्कार मंडळी. सध्या क्रेसी लिओनार्दो हा डाइव्ह कॉम्प्युटर (खोली, वेळ आणि शरीरात साठलेल्या नायट्रोजनचा हिशोब ठेवणारं मनगटावरचं यंत्र) वापरतो. अ‍ॅडव्हान्स्ड आणि नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) दोन्ही कोर्स झालेत. डाइव्हिंग मुख्यतः नेत्राणी, गोव्याचं ग्रँड आयलंड, मालवण आणि वर्षातून एक आठवडा हॅवलॉक. रेग्युलेटर (सिलिंडरमधून श्वास घ्यायचं उपकरण) स्वतःचा आहे, पण अंदमानला नेत नाही, तिथे भाड्याने घेतो.

अडचणी अशा:
– दिवसातल्या तिसऱ्या डाइव्हला माझा एनडीएल (वर येताना सक्तीचा थांबा न लागता त्या खोलीवर राहता येतील ती मिनिटं) गाइडपेक्षा बराच कमी दिसतो.
– हिरव्या पाण्यात स्क्रीन वाचता येत नाही.
– एकच बटण असल्याने बोटीवर नायट्रॉक्सचा आकडा बदलायचा तर पूर्ण मेनू फिरून यावं लागतं.

डोक्यात चार नावं आहेत: शिअरवॉटर पेरेग्रिन, पेरेग्रिन टीएक्स, सुंटो ओशन, गार्मिन डिसेंट जी१. एअर इंटिग्रेशन (सिलिंडरमधला दाब बिनतारी कॉम्प्युटरवर दिसणं, यापुढे एआय) घ्यावं की नको? घड्याळाच्या आकाराचा घ्यावा की मोठ्या स्क्रीनचा? आणि जुना लिओनार्दो बॅकअप म्हणून चालेल का?

तळठाव:
आधी एनडीएलचं बघू, कारण खरा फरक तिथेच पडतो. बाकीच्या गोष्टी सोयीच्या.

लिओनार्दो आरजीबीएम या नायट्रोजनच्या हिशोबाच्या मॉडेलच्या घराण्यातला आहे. या प्रकारची मॉडेल्स सलग डाइव्ह, वर-खाली केलेली प्रोफाइल, जोरात चढणं, कमी सरफेस इंटरव्हल (दोन डाइव्हमधला पाण्याबाहेरचा वेळ) या सगळ्याचा दंड पुढच्या डाइव्हमधून कापतात. म्हणून पहिल्या डाइव्हला फरक जाणवत नाही आणि तिसऱ्याला डोळ्यांत भरतो. शिवाय सेफ्टी फॅक्टर (कॉम्प्युटरने किती सावध हिशोब करायचा ते सेटिंग) शून्यावर आहे ना ते तपासा. एक किंवा दोनवर राहिला असेल तर निम्मं कोडं तिथेच सुटेल.

तुमच्या यादीतले चारही कॉम्प्युटर बुलमान झेडएचएल-१६ हे मॉडेल आणि त्याचा सावधपणा ठरवणारे ग्रेडिएंट फॅक्टर (जीएफ) या जोडीवर चालतात. यात दोन आकडे असतात, उदा. ४०/८५. पहिला आकडा डेको थांबा (वर येताना नायट्रोजन बाहेर पडण्यासाठी करायचा सक्तीचा थांबा) किती खोलवर सुरू होणार ते ठरवतो, दुसरा पृष्ठभागावर येताना शरीरात किती नायट्रोजन चालवून घ्यायचा ते. नो-डेको डाइव्ह करणाऱ्याच्या दृष्टीने पहिल्या आकड्याला जवळपास काही अर्थ नाही. एनडीएल बदलतो तो दुसऱ्यामुळे. लोक ३०/८५ बरा की ४०/८५ यावर पानंच्या पानं वाद घालतात, आणि १८ मीटरवर दोघांचे कॉम्प्युटर एकच आकडा दाखवत असतात.

शिअरवॉटरच्या तयार सेटिंग तीन: लो म्हणजे ४५/९५, मीडियम ४०/८५, हाय ३५/७५. ३० मीटरवर हवेवर, दिवसातली पहिली डाइव्ह धरली, तर एनडीएल अनुक्रमे साधारण १६, १३ आणि १० मिनिटं पडतो. पाडी या प्रशिक्षण संस्थेच्या छापील टेबलात याच खोलीला २० मिनिटं आहेत. म्हणजे नवा कॉम्प्युटर घेतला की वेळ आपोआप वाढतो असं नाही. मीडियमवर ठेवलात तर पहिल्या डाइव्हला उलट कमीही वाटेल. फायदा तिसऱ्या डाइव्हला, आणि मुख्य म्हणजे कॉम्प्युटर काय हिशोब करतोय हे तुम्हाला कळतं.

तुमच्या गाइडच्या हातात ओशॅनिक किंवा अ‍ॅक्वालंग असेल आणि तो डीसॅट या मॉडेलवर लावलेला असेल, तर तो बुलमानपेक्षाही ढिला चालतो. त्याची बरोबरी करायला जाऊ नका. ग्रुपमध्ये सगळ्यात कडक कॉम्प्युटर ज्याचा, त्याच्या वेळेने सगळ्यांनी वर यायचं.

आणि नायट्रॉक्सचा कोर्स झालाय तर तो वापरा. ३२ टक्क्यांवर ३० मीटरची डाइव्ह नायट्रोजनच्या हिशोबाने हवेवरच्या २४-२५ मीटरसारखी होते. टेबलात २५ मीटरला २९ मिनिटं आहेत, ३० ला २०. एवढा फरक कुठल्याही महागड्या कॉम्प्युटरने पडत नाही. ऑक्सिजनच्या दाबाच्या (पीओटू) १.४ बारच्या मर्यादेने ३२ टक्क्यांची कमाल खोली ३३ मीटर, ३६ ची २८. सिलिंडरमधला ऑक्सिजन अ‍ॅनलायझरने स्वतः मोजायचा आणि तोच आकडा कॉम्प्युटरमध्ये भरायचा. सिलिंडरवरच्या चिकटपट्टीवर ‘३२’ लिहिलंय म्हणून ३२ भरायचं नाही.

खारंवारं:
एआयबद्दल लिहितो.

सिलिंडरचा दाब कॉम्प्युटरला कळवणारा ट्रान्समिटर फर्स्ट स्टेजच्या (रेग्युलेटरचा सिलिंडरला बसणारा भाग) हाय प्रेशर पोर्टला बसतो. बहुतेक फर्स्ट स्टेजना असे दोन पोर्ट असतात, एकाला प्रेशर गेजची नळी, दुसरा बुचाने बंद. ते बूच अ‍ॅलन कीने काढायचं, ट्रान्समिटरची ओ-रिंग बघून घ्यायची आणि तो हाताने घट्ट करायचा. गळती थांबवते ओ-रिंग, पान्याचा जोर नाही. जोर लावला की ट्रान्समिटरची बॉडी तडकते. हाय प्रेशरचा आटा ७/१६ इंच असतो, लो प्रेशरचा साधारणपणे ३/८. त्यामुळे सहसा चुकीच्या जागी बसत नाही, तरी पोर्टवर ‘एचपी’ कोरलेलं वाचूनच लावा.

आता तुमची खरी गोची. अंदमानला तुम्ही भाड्याचा रेग्युलेटर घेता. म्हणजे दर वेळी त्यांच्या फर्स्ट स्टेजचं बूच उघडायचं. मिठाने ते जाम झालेलं असतं, कित्येक सेंटरवाले हात लावू देत नाहीत, आणि ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. काही जुन्या फर्स्ट स्टेजना एचपी पोर्ट एकच असतो, तिथे ट्रान्समिटर लावायचा तर गेज काढावा लागतो. तसं करू नका. गेज राहिलाच पाहिजे, कारण ट्रान्समिटरची बॅटरी सांगून संपत नाही. थोडक्यात, रेग्युलेटर सोबत नेणार असाल तरच एआयचा खर्च वसूल.

बोटीवरची पोरं सिलिंडर उचलताना ट्रान्समिटर मूठ म्हणून पकडतात. बाहेर आलेला असतो, हाताला बरोबर सापडतो. दोन-चार वेळा तसं झालं की आट्याजवळून हलायला लागतो. सिलिंडर जोडून झाल्यावर ‘याला धरू नका’ एवढं बोट दाखवून सांगायचं. छोटी एचपी नळी लावून तो खाली वळवता येतो, पण मग आणखी दोन ओ-रिंगा वाढल्या.

सिग्नल पाण्यात जेमतेम मीटरभर जातो. ट्रान्समिटर डाव्या बाजूला आणि कॉम्प्युटर उजव्या मनगटावर असेल तर मध्ये अख्खा माणूस आणि सिलिंडर येतो, आकडा जात-येत राहतो. दोन्ही एकाच बाजूला ठेवा. कॅमेऱ्याचा स्ट्रोब चार्ज होतानाही सिग्नल तुटतो, मिनिटभरात परत येतो, घाबरायचं काही नाही.

आता जीटीआर, म्हणजे हवा किती मिनिटं पुरेल तो आकडा. शिअरवॉटरमध्ये तो मागच्या दोन मिनिटांच्या श्वासावरून काढतात आणि १० मीटर प्रतिमिनिट वेगाने थेट वर आलात तर राखीव प्रेशर शिल्लक राहील असा हिशोब असतो. सेफ्टी स्टॉप (वर येताना उथळ पाण्यात खबरदारी म्हणून करायचा थांबा) त्यात धरलेला नाही. उदाहरण: ११.१ लिटरचा अ‍ॅल्युमिनियम सिलिंडर, पृष्ठभागावर मिनिटाला १६ लिटर हवा लागते, २० मीटरवर १२० बार शिल्लक, राखीव ५०. तिथे मिनिटाला ४.३ बार जातात. वर येण्याला सुमारे ६ बार धरले की उरतात १५ मिनिटं. सेफ्टी स्टॉपच्या तीन मिनिटांना साडेसहा बार, म्हणजे आणखी दीड मिनिट वजा. इथवर ठीक.

खरी अडचण राखीव आकड्याची. ३० मीटरवर जोडीदाराची हवा संपली, दोघंही घाबरून मिनिटाला ३० लिटर ओढतायत असं धरा. एक मिनिट तळाशी सावरायला: २४० लिटर. तीन मिनिटं चढायला: ४५० लिटर. बेरीज ६९०, म्हणजे ६२ बार. सेफ्टी स्टॉप केला तर आणखी २७० लिटर, एकूण ८६ बार. कॉम्प्युटरमध्ये राखीव ५० ठेवून ‘अजून सहा मिनिटं आहेत’ म्हणत हॅवलॉकच्या डिक्सन्स पिनॅकलच्या तळाशी रेंगाळणाऱ्याच्या हातात दोघांपुरती हवा नसते. त्या खोलीला राखीव ९० भरा, आकडा आपोआप शहाणा होतो.

चाळिशीपार:
स्क्रीनबद्दल. पाण्यात मास्कमुळे वस्तू जवळ आणि मोठ्या दिसतात म्हणून काही दिवस निभावतं, पण वाचायचा चष्मा लागलेल्या माणसाला घड्याळाच्या आकारातला दुय्यम मजकूर वाचता येत नाही. मोठा एनडीएल दिसतो, पण पीओटू, तापमान, सरासरी खोली यांचे बारीक आकडे गायब. पेरेग्रिनची स्क्रीन २.२ इंचाची रंगीत आणि मागून कायम उजेड असलेली. मालवणच्या मळकट पाण्यात ती हातभर अंतरावरून वाचता येते. लिओनार्दोसारख्या सेगमेंट डिस्प्लेत आकडे मोठे असले तरी बाहेरचा उजेड लागतो, बॅकलाइट दाबला की काही सेकंदांत विझतो. तुमची तक्रार तीच आहे.

डिसेंट जी१ ची स्क्रीन बोटीवर भर उन्हात सुरेख, पाण्यात कमी उजेडात तेवढी नाही. त्याला एआयही नाही. रोज घालायचं घड्याळ हवं असेल, पळणं, पोहणं सगळं एकातच, तर घ्या. केवळ डाइव्हिंगसाठी नको. ओशनची अमोलेड स्क्रीन उत्तम आहे, टँक पॉडही (सुंटोचा ट्रान्समिटर) जोडता येतो, मात्र डाइव्हिंगची मर्यादा ६० मीटर. तुम्हाला ती कधीच आड येणार नाही, उद्या टेक्निकलकडे वळणाऱ्याला येईल.

साध्या पेरेग्रिनमध्ये होकायंत्र नाही, हे कुणी आधी सांगत नाही. टीएक्समध्ये आहे. मनगटावर वेगळं होकायंत्र असेल तर प्रश्न मिटला.

ओहोटी:
सगळ्यांचे आभार. सेफ्टी फॅक्टर तपासला, १ वर होता! एआय सध्या बाजूला ठेवतो. मग पेरेग्रिन आणि टीएक्समध्ये फक्त होकायंत्रासाठी टीएक्स घ्यावा का? आणि बॅकअपचं राहिलं.

तळठाव:
पुढे कधीतरी रेग्युलेटर घेऊन फिरणार असाल तर टीएक्स घ्या, ट्रान्समिटर नंतर जोडता येतो. साध्या पेरेग्रिनला तो कधीच जोडता येणार नाही, कारण रिसीव्हरच नाही. नसाल फिरणार, तर साधा पेरेग्रिन आणि उरलेल्या पैशात चांगला टॉर्च व डीएसएमबी (पाण्याखालून वर सोडायचा खुणेचा फुगा).

बॅकअप म्हणून लिओनार्दो चालेल, पण नीट समजून. पहिली अट, तो प्रत्येक डाइव्हला, रोज, सोबत पाण्यात असायला हवा. खोलीवर ठेवलेला कॉम्प्युटर बॅकअप नसतो, त्याला तुमच्या शरीरातला नायट्रोजन ठाऊकच नाही. मुख्य कॉम्प्युटर मंगळवारी दुपारी बंद पडला आणि लिओनार्दो सोमवारपासून बॅगेत असेल, तर तो तुम्हाला कोरा समजून भरघोस वेळ देईल. तशा वेळी २४ तास कोरडं राहायचं आणि मग सुरुवात करायची.

दुसरं, सेफ्टी फॅक्टर शून्यावर आणा. तरी तिसऱ्या डाइव्हला तो पेरेग्रिनच्या आधी डेकोत जाईल. डेकोत गेला की त्याचा थांबा पूर्ण करूनच वर या, पेरेग्रिन काहीही म्हणो. कारण या वर्गातले कॉम्प्युटर डेको टाळून वर आलात तर ४८ तास कुलूप लावतात, फक्त खोली आणि वेळ दाखवतात. आठवड्याच्या सहलीत दोन दिवस बॅकअप गेला. शिअरवॉटर असं कुलूप लावत नाही. चुकलात तर इशारा देतो आणि हिशोब पुढे चालू ठेवतो. ते मला जास्त योग्य वाटतं, कारण चूक झाल्यानंतरच माणसाला माहितीची गरज असते.

तिसरं, नायट्रॉक्स दोन्हीकडे भरा. मुख्यमध्ये ३२ आणि बॅकअपमध्ये २१ राहिलं की बॅकअप अर्ध्या डाइव्हला बोंब मारणार. आणि चुकून गेज मोडमध्ये (नायट्रोजनचा हिशोब न करता नुसती खोली आणि वेळ दाखवणारा) डाइव्ह केली तर लिओनार्दो पुढचे ४८ तास डाइव्ह मोडमध्ये येत नाही. एकच बटण असलेल्या कॉम्प्युटरवर मेनूत घाईघाईने दाबताना हे सहज घडतं.

झारापकर:
सर्वांनी पाण्याखालचं लिहिलं, मी पाण्यावरचं लिहितो.

मालवणात दोन डाइव्ह करून दुपारी जेवून लगेच कोल्हापूर-पुण्याकडे निघणारे खूप आहेत. आंबोली साधारण ६९० मीटर. डॅन या डाइव्हरांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेच्या, डाइव्हनंतरच्या विमानप्रवासाच्या सूचना २००० ते ८००० फूट उंचीला लागू आहेत, म्हणजे ६१० मीटरपासून पुढे. आंबोली त्या रेषेच्या वर बसते. अमेरिकन नौदलाचं डाइव्हनंतर उंचीवर जाण्याचं टेबल तर १००० फुटांपासूनच सुरू होतं. रस्त्याने जाताय म्हणून शरीराला फरक कळत नाही, हवेचा दाब तेवढाच कमी झालेला असतो आणि अंगात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका असतोच. डॅनचे आकडे: एकच नो-डेको डाइव्ह असेल तर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त किंवा अनेक दिवसांच्या असतील तर किमान १८, डेको केला असेल तर १८ पेक्षा बरेच जास्त. बहुतेक कॉम्प्युटरचं विमान-चिन्ह किंवा नो-फ्लायचं घड्याळ यासाठीच असतं. घाट चढण्याआधी ते बघा. गोव्याहून चोर्ल्याने बेळगावला जाणाऱ्यांनाही हेच. सरळ सांगायचं तर शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्ह, मुक्काम खालीच आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढायची. मुंबईकडे महामार्गाने जाणाऱ्यांना वाटेतले घाट त्या मानाने बुटके.

निगा. डाइव्ह झाल्यावर गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास भिजत ठेवा, नुसता नळाखाली धरून भागत नाही. प्रेशर सेन्सरच्या बारीक भोकांत मीठ सुकलं की खोली उशिरा बदलते किंवा पृष्ठभागावर असताना अर्धा-एक मीटर दाखवत राहते. तसं दिसलं तर कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. टाचणी घालायची नाही, गाडी धुण्याच्या प्रेशरचा फवारा तर अजिबात नाही. सेन्सर कायमचा जातो. पाण्याने आपोआप चालू होणाऱ्या कॉम्प्युटरच्या धातूच्या टिकल्यांवर सनस्क्रीनचा थर बसला की तो कोरडा असूनही जागा राहतो आणि बॅटरी पितो. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी पुरे.

लिओनार्दोची सीआर२४३० बदलताना झाकण उघडण्याआधी पूर्ण कोरडा करा, ओ-रिंगवर एक केस जरी राहिला तरी पाणी शिरतं. सिलिकॉन ग्रीस नुसतं चमकण्यापुरतं, थापायचं नाही. मालवणच्या बाजारात २०३२ सगळीकडे मिळते, २४३० मिळेलच असं नाही, दोन जवळ ठेवा. पेरेग्रिन वायरलेस पॅडवर चार्ज होतो. कंपनी ३० तासांपर्यंत सांगते, स्क्रीन पूर्ण उजळ ठेवलीत तर त्याहून कमी. आठवड्याच्या सहलीला मध्ये एकदा पॅडवर ठेवला की झालं. वीज जाण्याची धास्ती असेल तर शिअरवॉटरचाच पर्डिक्स बघा, त्यात साधी एए बॅटरी जाते. फक्त बॅटरीचा प्रकार मेनूत बरोबर निवडा, नाहीतर शिल्लक टक्के खोटे दिसतात.

ओहोटी:
आंबोलीचं कधीच डोक्यात आलं नव्हतं. एका ग्रुपवर वापरलेला पेरेग्रिन विकायला आहे, निम्म्याच्या थोडी वर किंमत. काय बघायचं?

खारंवारं:
हातात घेऊन बघा, फोटोवर घेऊ नका. पूर्ण चार्ज करून तासभर चालू ठेवा आणि टक्के किती उतरतात ते बघा, बॅटरी आपल्याला बदलता येत नाही. बटणं दोन्ही एकसारखी दाबली जायला हवीत. लॉगमधली शेवटची डाइव्ह उघडून आलेख बघा, मध्येच खोलीची उभी उडी दिसली तर सेन्सर संशयास्पद. पृष्ठभागावरचा वातावरणीय दाब किनाऱ्यावर १०१० मिलिबारच्या आसपास दिसायला हवा, पुण्यात पाहत असाल तर ९५० च्या आसपास. काचेच्या आतल्या कोपऱ्यात धुकं दिसलं तर तिथेच नमस्कार करून निघा. मूळ बिल मागा, वॉरंटी शिल्लक असेल तर त्याशिवाय काही होत नाही. आणि विकत घेतल्यावर पहिल्या डाइव्हआधी जीएफ, नायट्रॉक्स आणि खारं-गोडं पाणी ही तिन्ही सेटिंग स्वतः बघा, आधीच्या मालकाने ९५ वर ठेवलेला असू शकतो.